तोलेदो : चढ टाळून पाहावयाचें शहर

नोकरीनिमित्त परदेशीं स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे चार-सहा महिने राहून येणारीं वडील माणसें आतां आपल्या समाजांत विरळ राहिलेलीं नाहींत. "इतक्या दूर आलांत, तर युरोपांतील एखादें जुनें शहर पाहूनच जा," असा मुलांचा आग्रह असतो. मनांतून त्यांनाही तें हवेंच असतें. परंतु प्रवासाच्या पुस्तकांतील वर्णनें वाचूं लागलें कीं गुडघे आधीं कुरकुरूं लागतात. अमुक बुरूज चढा, तमुक मनोऱ्याच्या शेंकडों पायऱ्या चढून सूर्यास्त पाहा, हा उपदेश पंचविशींतील प्रवाशास ठीक आहे. साठी उलटलेल्या मातोश्रींस किंवा तान्हें मूल कडेवर घेतलेल्या सूनबाईंस त्याचा उपयोग काय? म्हणून या वेळीं आम्ही असें एक शहर निवडलें आहे, कीं जें डोंगरावर वसलेलें असूनही थोडी युक्ति योजली असतां बहुतेक उतारानेंच पाहतां येतें. तें शहर म्हणजे स्पेन देशांतील तोलेदो.

माद्रिद या राजधानीपासून तोलेदो सुमारें ७० किलोमीटरांवर आहे. ताहो नदीनें एका खडकाळ टेकडीस तीन बाजूंनीं वळसा घातला आहे, आणि त्या वळशांत हें शहर एखाद्या किल्ल्याप्रमाणें बसलेलें आहे. रोमन लोकांच्या वेळेपासून येथें वस्ती आहे. पुढें व्हिसिगॉथ राजांची ही राजधानी झाली. आठव्या शतकाच्या आरंभीं तें अरबांच्या हातीं गेलें. १०८५ सालीं कास्तीलचा राजा सहावा अल्फोन्सो यानें तें घेतलें. १५६१ सालीं दुसऱ्या फिलिपनें दरबार माद्रिदला नेला, तेव्हांपासून तोलेदोचें राजकीय महत्त्व ओसरलें. राजधानी गेल्यामुळें शहराचें नुकसान झालें खरें, पण जुन्या गल्ल्या व इमारती बऱ्याच अंशीं वांचल्या, हाही त्याचाच परिणाम. १९८६ सालीं युनेस्कोनें संबंध जुन्या शहराचा जागतिक वारशांत समावेश केला.

आतां युक्तीची गोष्ट. माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून जलद आगगाडीनें अर्ध्या तासाच्या सुमारास तोलेदोस पोहोंचतां येतें. तोलेदोचें स्थानकही पाहण्यासारखें आहे. १९१९ सालीं उघडलेल्या या इमारतीची वीटकामाची नक्षी व कमानी जुन्या मूरिश कारागिरीच्या धर्तीवर केलेल्या आहेत. येथून पायीं निघाल्यास पूल ओलांडून उभा चढ लागतो. तो मोह टाळावा. शहराची बस किंवा भाड्याची मोटार करून थेट माथ्यावरील सोकोदोव्हेर चौकांत जावें. मोटारीनें आलेल्यांनीं तटाबाहेर गाडी ठेवून, तटाच्या कडेनें डोंगरांत कोरून २००० सालीं सुरू केलेल्या सरकत्या जिन्यांनीं वर यावें. मग पश्चिमेकडे तोंड करून सावकाश उतरत जावें. चौकापासून पलीकडच्या सान मार्तिन पुलापर्यंतचें अंतर मैल-सव्वा मैलाहून अधिक नाहीं. वाटेंतील इमारती आंतून पाहून व मध्यें जेवणाची विश्रांति घेऊन हा एका दिवसाचा कार्यक्रम होतो. रस्ते मात्र गोट्यांचे आहेत. तळव्यास घट्ट बसणारे, न घसरणारे जोडे पायांत हवेत. जुलै-ऑगस्टांत येथें ऊन फार कडक पडतें. वसंत व शरद् हे ऋतु उत्तम.

सोकोदोव्हेर हें नांव अरबी आहे. त्याचा अर्थ गुरांचा बाजार. एके काळीं येथें घोडे-खेंचरें विकलीं जात. पुढें येथेंच बैलांच्या झुंजी व इन्क्विझिशनचे जाहीर निवाडे झाले. आज तेथें उपाहारगृहांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. चौकाशेजारीं आल्काझार नांवाचा चौकोनी, चार बुरुजांचा प्रचंड वाडा दिसतो. १९३६ सालच्या यादवी युद्धांत कर्नल मोस्कार्दो यानें आपल्या लोकांसह तो २१ जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत लढविला, आणि त्या वेढ्यांत वाड्याचा बहुतेक भाग ढासळला. सध्यां दिसते ती नंतर उभारलेली वास्तु होय. २०१० पासून तींत सैन्यविषयक संग्रहालय आहे. ज्यांस शस्त्रांची आवड नाहीं त्यांनीं बाहेरूनच पाहून पुढें निघावें, कारण खरा खजिना खालीं आहे.

चौकांतून निघणाऱ्या बाजाराच्या गल्लीनें दहा मिनिटांत आपण मुख्य धर्ममंदिरापाशीं येतों. वाटेंतील दुकानांत काळ्या पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेली नक्षी विकावयास असते. एखाद्या दुकानांत कारागीर समोर बसून काम करीत असेल, तर तेथें थोडें थांबावें. यंत्रावर छापलेली नक्षी आणि हातानें बसविलेली तार यांतील भेद मग किंमत विचारण्यापूर्वींच कळतो.

धर्ममंदिराचें बांधकाम तेराव्या शतकांत, १२२६ च्या सुमारास सुरू झालें व १४९३ सालीं संपलें. ज्या जागीं तें उभें आहे त्या जागीं पूर्वीं शहराची मोठी मशीद होती. शहर शरण आलें त्या वेळीं मशीद मुसलमानांकडेच राहील, असें वचन राजा अल्फोन्सोनें दिलें होतें. तेथें परंपरेनें सांगतात ती कथा अशी : राजा बाहेरगांवीं असतां राणी कॉन्स्टन्स व आर्चबिशप बर्नार्ड यांनीं बळानें मशीद ताब्यांत घेतली. आपलें वचन मोडलें गेलें हें ऐकून राजा संतापानें परत निघाला. दोघांसही देहदंड द्यावा असा त्याचा विचार होता. तेव्हां शहरांतील मुसलमानांचा धर्मशास्त्री अबू वलीद हाच त्याला सामोरा गेला आणि त्यानें विनविलें, कीं महाराज, या दोघांस क्षमा करा. नाहीं तर पुढें त्यांच्या मृत्यूचा सूड आमच्या लोकांवर उगवला जाईल. राजानें क्षमा केली. या धर्मशास्त्र्याचा पुतळा धर्ममंदिराच्या मुख्य गाभाऱ्यांतील एका खांबावर ख्रिस्ती संत व राजे यांच्या पंक्तींत बसविलेला आहे. पाहणाऱ्यांनीं तो अवश्य शोधावा. जिंकणाऱ्यांनीं मशीद परत केली नाहीं. पण जो हरला त्याच्या शहाणपणाची आठवण त्यांना आपल्याच देवघरांत ठेवावीशी वाटली. यांत उदारपणा किती आणि अपराधाची टोंचणी किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

आंत पाहण्याजोगें इतकें आहे कीं सर्व पाहूं गेल्यास कांहींच पाहिल्यासारखें होत नाहीं. तीन गोष्टी निवडाव्या. पहिली, वस्त्रागारांतील एल ग्रेको याचें चित्र, ज्यांत येशूचीं वस्त्रें काढून घेण्याचा प्रसंग आहे. त्यांतील झग्याचा तांबडा रंग एकदां पाहिला कीं विसरत नाहीं. दुसरी, एन्रिके दे आर्फे यानें १५१५ ते १५२४ या वर्षांत घडविलेली सोन्या-रुप्याची उंच प्रभावळ. ती दर वर्षीं मे-जूनच्या सुमारास येणाऱ्या कोर्पुस क्रिस्तीच्या उत्सवांत मिरवणुकीनें निघते. तिसरी, नार्सिसो तोमे याचें 'त्रान्स्पारेन्ते'. गाभाऱ्याच्या मागें अंधार पडत असे, म्हणून या कारागिरानें अठराव्या शतकांत छताला भोंक पाडून सूर्यप्रकाश नेमका मूर्तींवर पडेल अशी योजना केली. किरणोत्सवाची महती जाणणाऱ्या आपल्या लोकांस ही कल्पना परकी वाटणार नाहीं.

धर्ममंदिराच्या आसपास पूर्वीं 'आल्काना' नांवाची पेठ होती. 'दोन किहोते' या कादंबरीचा पहिला भाग १६०५ सालीं प्रसिद्ध झाला. तींत लेखक सर्व्हांतेस सांगतो, कीं या गोष्टीचें अरबी बाड आपल्याला याच पेठेंत रद्दींत मिळालें, आणि मनुके व गहूं मेहनताना देऊन आपण एका मोरिस्को मनुष्याकडून तें भाषांतरित करविलें. ही अर्थात् कादंबरीकाराची थट्टा. पण अशा थट्टेसाठीं त्यानें तोलेदोच निवडावें यांत औचित्य आहे, कारण भाषांतर हाच या शहराचा जुना व मोठा धर्म होता.

येथें आपल्या वाचकांचा या शहराशीं खरा संबंध येतो. अकराव्या शतकांत सय्यद (साइद) अल्-अंदलुसी नांवाचा विद्वान् तोलेदोंत काझी होता. १०६८ सालीं त्यानें निरनिराळ्या राष्ट्रांच्या विद्यांविषयीं एक ग्रंथ लिहिला. विद्येची उपासना करणाऱ्या राष्ट्रांत त्यानें पहिलें स्थान भारतास दिलें, आणि भारतीयांचें ज्योतिष, त्यांची अंकपद्धति, बुद्धिबळ व पंचतंत्रावरून झालेला 'कलीला व दिमना' हा ग्रंथ यांचा आदरानें उल्लेख केला. या गृहस्थानें भारत कधीं पाहिला नव्हता. त्याला जें ठाऊक होतें तें पुस्तकांवरून. पुढें शहर ख्रिस्ती झालें तरी अरबी पुस्तकें नष्ट झालीं नाहींत. बाराव्या शतकांत युरोपांतील विद्वान् त्यांच्या शोधार्थ येथें येऊं लागले. इटालींतील क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट'साठीं आला, अरबी शिकला, आणि मरेपर्यंत म्हणजे ११८७ पर्यंत त्यानें सत्तरांहून अधिक ग्रंथ लॅटिन भाषेंत नेले. कित्येकदां काम दोघांनीं मिळून होई. अरबी जाणणारा एक यहुदी किंवा स्थानिक मनुष्य मूळ वाचून चालू बोलींत अर्थ सांगे, व दुसरा तो लॅटिनमध्यें उतरवून घेई. याच काळांत अल्-ख्वारिझ्मीचा भारतीय अंकांवरील ग्रंथ लॅटिनमध्यें गेला. आपल्या उज्जयिनीचें नांव अरबी लिपींतून वाचतांना बिघडून 'अरीन' झालें, आणि लॅटिन ज्योतिषग्रंथांत पृथ्वीचा मध्य म्हणून तें शतकानुशतकें लिहिलें गेलें. १२२१ सालीं याच शहरांत जन्मलेल्या दहाव्या अल्फोन्सोनें युवराज असतांना, १२५१ सालीं, 'कलीला व दिमना' स्पॅनिश भाषेंत आणविला. विष्णुशर्म्याच्या कोल्ह्यांनीं केवढा प्रवास केला पाहा!

आतां थोडें उतरून सान्तो तोमे या लहान देवळापाशीं यावें. एल ग्रेको हा मूळचा क्रीट बेटांतील. १५७७ सालीं तोलेदोस आला व १६१४ सालीं येथेंच वारला. या देवळासाठीं त्यानें १५८६ ते १५८८ या काळांत 'ओर्गासच्या सरदाराचें दफन' हें भव्य चित्र काढलें, तें आजही तेथेंच आहे. सरदार १३२३ सालीं वारला. त्याच्या दानधर्माचें फळ म्हणून त्याच्या देहास मूठमाती देण्यास दोन संत स्वर्गांतून उतरले, अशी आख्यायिका. चित्राच्या खालच्या अर्ध्या भागांत हा प्रसंग आहे, आणि त्याच्यामागें चित्रकाराच्या स्वतःच्या काळांतील तोलेदोचीं प्रतिष्ठित माणसें रांगेनें उभीं आहेत. पुढें एक लहान मुलगा दिवटी धरून उभा आहे. तो चित्रकाराचाच पुत्र होय असें मानतात, आणि त्याच्या खिशांतील रुमालावर त्याचें जन्मवर्ष १५७८ घातलेलें आहे. बरोबर नातवंडें असल्यास तो रुमाल शोधण्याचें काम त्यांच्याकडे द्यावें.

आणखी पांच मिनिटांवर यहुदी लोकांचा जुना मोहल्ला लागतो. पुण्याचें लाल देऊळ किंवा कोंकणांतील बेने इस्राएल मंडळींचीं प्रार्थनामंदिरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांनीं येथील 'एल त्रान्सितो' हें मंदिर मुद्दाम पाहावें. राजा पेद्रो याचा खजिनदार सामुएल हा-लेव्ही यानें तें चौदाव्या शतकाच्या मध्यास बांधविलें. बाहेरून अगदीं साधें. आंत मात्र भिंतींवर गिलाव्याची अतिशय नाजूक नक्षी, तींत हिब्रू स्तोत्रें, अरबी अक्षरें व कास्तीलच्या राजाचें चिन्ह, तिन्ही शेजारीं शेजारीं. स्त्रियांना बसण्यासाठीं वर सज्जा आहे. ज्या राजाचें चिन्ह खजिनदारानें भिंतीवर कोरविलें, त्याच राजानें पुढें त्याला कैद केलें, आणि छळामध्यें त्याचा अंत झाला. आज येथें सेफार्दी, म्हणजे स्पॅनिश यहुद्यांच्या इतिहासाचें संग्रहालय आहे. तें सोमवारीं बंद असतें.

तोलेदोस 'तीन संस्कृतींचें शहर' म्हणण्याचा प्रघात आहे, व प्रवाशांस दाखविण्याच्या पत्रकांत तें फार गोड वाटतें. परंतु आमच्या मतें वडील मंडळींनीं मुलांस पुढची गोष्टही सांगावी. १३९१ सालीं स्पेनच्या अनेक शहरांत यहुद्यांची कत्तल झाली; तोलेदोही त्यांत होतें. जीव वांचविण्यासाठीं पुष्कळांनीं बाप्तिस्मा घेतला. तरीही सुटका नव्हती. १४४९ सालीं याच शहरांत पेद्रो सार्मिएन्तो याच्या पुढाकारानें असा ठराव झाला, कीं यहुदी वंशांतून ख्रिस्ती झालेल्यांस नगराचें कोणतेंही अधिकारपद मिळूं नये. रक्त शुद्ध पाहिजे, हा स्पेनमधील पहिला असा कायदा. आचार पाहूं नका, विद्या पाहूं नका, श्रद्धाही पाहूं नका. आजोबा कोणाचे तेवढें पाहा! १४९२ सालीं उरलेल्या यहुद्यांस देशाबाहेर घालविण्यांत आलें. आपल्या तोलेदोच्या घरांच्या किल्ल्या कित्येक कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, असें सेफार्दी लोकांत सांगतात. २०१५ सालीं स्पेननें कायदा करून त्यांच्या वंशजांस नागरिकत्वासाठीं अर्ज करण्याची संधि दिली. ती मुदत २०१९ सालीं संपली. पांचशें वर्षांनीं कां होईना, चूक कायद्यानें कबूल झाली.

याच रस्त्यावर पुढें सांता मारिया ला ब्लांका लागते. हें बाराव्या शतकाच्या अखेरचें मानलेलें यहुदी प्रार्थनामंदिर, मुसलमान परंपरेच्या कारागिरांनीं घडविलेलें, आणि पंधराव्या शतकाच्या आरंभापासून नांवानें ख्रिस्ती देऊळ. पांढरे अष्टकोनी खांब आणि घोड्याच्या नालासारख्या कमानी यांच्या चार ओळींमध्यें कांहीं वेळ नुसतें बसावें. त्यानंतर सान हुआन दे लोस रेयेस हा मठ. राणी इसाबेला व राजा फर्डिनांड यांनीं १४७६ च्या तोरोच्या लढाईचें स्मारक म्हणून तो बांधविला. बाहेरच्या भिंतींवर लोखंडी बेड्या टांगलेल्या दिसतात. मूरांच्या कैदेंतून सुटलेल्या ख्रिस्ती बंदिवानांच्या त्या बेड्या होत. ज्यांनीं एकांच्या बेड्या अभिमानानें टांगल्या त्याच राजाराणीच्या सहीनें दुसऱ्यांस घरदार सोडावें लागलें, ही गोष्ट तेथें उभें असतां आपोआप मनांत येते.

येथून खालीं सान मार्तिन पूल. त्याच्या मधल्या कमानीचा गाळा सुमारें ४० मीटरांचा आहे. चौदाव्या शतकांत आर्चबिशप तेनोरियो यानें तो नव्यानें बांधविला, त्या वेळची एक आख्यायिका आमच्या वाचकभगिनींस आवडेल. काम पुरें होत आलें असतां आपला हिशोब चुकला असून खालचा लांकडी सांगाडा काढतांच कमान कोसळेल, असें शिल्पकाराच्या ध्यानांत आलें. त्याची झोंप उडाली. पत्नीनें कारण विचारून घेतलें, आणि एका वादळी रात्रीं जाऊन सांगाड्यालाच आग लावून दिली. पूल पडला, दोष विजेवर गेला, आणि शिल्पकारानें दुसऱ्यानें तो नीट बांधला. मग त्या बाईनें आर्चबिशपापुढें खरें सांगितलें. त्यानें तिला क्षमा केली. पुलावरून मागें वळून पाहिलें म्हणजे उतरून आलेली सगळी वाट एका दृष्टींत सांपडते. परत पायीं चढूं नये, मोटार बोलवावी.

जेवणाविषयीं दोन शब्द. येथें दुपारचें जेवण दोननंतर असतें. भाजीच्या पदार्थांतही डुकराच्या मांसाचे तुकडे घालण्याची चाल आहे, म्हणून आधीं स्पष्ट विचारावें. टोमॅटो, भोपळी मिरची वगैरेंचा 'पिस्तो' हा पदार्थ आपल्यास रुचतो. वर अंडें नको हें सांगावें. बदाम व साखर यांचें 'मासापान' हें येथील प्रसिद्ध मिष्टान्न, आपल्या बदामाच्या वडीचें भावंडच. त्यावर कधीं अंड्याच्या बलकाचा हात फिरवितात, तेवढें विचारून घ्यावें. दुसरा दिवस हातीं असल्यास क्रिस्तो दे ला लूस ही नऊ लहान घुमटांची, ९९९ सालची मशीद पाहावी. तीही पुढें देऊळ झाली.

ज्यांस प्रत्यक्ष जाणें घडणार नाहीं त्यांनीं एखाद्या सायंकाळीं नकाशा पुढें घेऊन हीच वाट घरांतील मुलांसह बोटानें चालावी. साइद काझीनें न पाहिलेल्या आपल्या देशाचा गौरव केला तो केवळ विद्येवरून. विद्वानाचें कुळ विचारण्याची त्याला गरज पडली नाहीं. त्याच शहरानें पुढें पौने चारशें वर्षांनीं कुळाखेरीज दुसरें कांहीं विचारावयाचें नाहीं असें ठरविलें, आणि ज्यांच्या मुखांतून ग्रंथ उतरले होते तीं माणसें घालवून बसलें. कुळाचा अभिमान आपल्याही घरोघरीं आहे. तो विद्येच्या दाराशीं पहारेकरी म्हणून उभा राहतो, कीं विद्या मिळविण्याची जबाबदारी म्हणून आपल्याच खांद्यावर बसतो, याचा विचार वडीलधाऱ्यांनीं मुलांसमक्ष मोकळेपणानें करावा, अशी आमची विनंति आहे.